थंडीत दुसरा गिअर पडत नाही? माझा अनुभव

सहा लाख किलोमीटरच्या वर फिरलेला कांद्याचा ट्रक. सकाळी दुसरा गिअर पडेना, पडला तर कर्रकन आवाज. क्लच अॅडजस्ट केला, लिंकेजला (गिअरच्या दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंतच्या जोडण्यांना) ग्रीस दिलं, फरक शून्य. अंबडच्या एका मिस्त्रीनं थेट गिअरबॉक्स उतरवायलाच सांगितला. डोकं फिरलं होतं.

शेवटी गिअर ऑइल बदललं. गाडी थोडी फिरवून ऑइल कोमट केलं, सपाट जागी चाकांना दगड लावले. आधी वरचा फिलर प्लग, म्हणजे ऑइल भरायच्या भोकाचं बूच, सैल केला. तो जाम निघाला आणि खालून ऑइल काढून बसलात, तर गाडी जागची हलवता येत नाही! मग ऑइल काढायचा खालचा ड्रेन प्लग उघडला. ऑइल पूर्ण निथळू दिलं. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करडा गाळ चालतो, पण दात्याचे तुकडे दिसले तर गिअरबॉक्स उघडावाच लागतो. नवं कॉपर वॉशर घालून प्लग आवळला, फिलरच्या भोकातून ओघळेपर्यंत ऑइल भरलं. ब्रीदर, म्हणजे गिअरबॉक्समधली हवा बाहेर सोडणारं तोंड, साफ केला. तो तुंबला की सीलमधून ऑइल गळतं.

ग्रेड मॅन्युअलमधलाच घ्या. माझ्या गाडीला ८०डब्ल्यू-९० (ऑइलचा दाटपणा), जीएल-४ (ऑइलचा वर्ग). दुकानदार ‘भारी’ म्हणून जीएल-५ गळ्यात मारतात; त्यातल्या गंधकयुक्त रसायनांनी सिंक्रोनायझरच्या (गिअर पडताना वेग जुळवणाऱ्या भागाच्या) पितळी रिंगा खराब होऊ शकतात.

आता कसारा घाटातही दुसरा अलगद पडतो. रिव्हर्स अजून कुरकुरतो, पण तो आधीपासूनच.