आई-बाबांना पुण्यात आणण्याआधी टीव्हीचं बघा

दरवर्षी जून उजाडला की आमच्या उदगीर, अहमदपूर, देगलूरकडच्या पोरापोरींचे फोन सुरू होतात. ताई, नोकरी लागली, कुठला भाग बघू? डिपॉझिट किती मागतात? पाण्याचा टँकर लागतो का? मी २००७ साली अशीच एका बॅगेनिशी स्वारगेटला उतरले होते, त्यामुळे जमेल तेवढं सांगते. पण टीव्हीचं मला आजवर एकानेही विचारलेलं नाही. पहिलं वर्ष कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन, निघतं, मग मित्रांत फ्लॅट, मग कधीतरी स्वतःचा वन बीएचके भाड्याने घेऊन आई-बाबांना आणायचं ठरतं. गॅस, गाद्या, फिल्टर सगळं आणून होतं आणि टीव्हीचं कनेक्शन शेवटच्या दिवशी, लिफ्टजवळ चिकटवलेल्या कागदावरचा नंबर लावून घेतलं जातं.

तसं करू नका. तुम्ही सकाळी आठला हिंजवडीच्या बसमध्ये बसणार आणि रात्री आठला परत येणार. मधले बारा तास ते दोघं त्या घरात असणार आहेत. तुमच्यासाठी टीव्ही नसला तरी चालेल, मोबाइल आहे. त्यांचा दिवस मात्र त्याच्यावर उभा असतो.

माझी आई २०१४ मध्ये आली. उदगीरला आमच्या ओट्यावर दिवसाकाठी दहा माणसं टेकायची. इथे महिनाभरात तिला मजल्यावरच्या सगळ्या दारांवरच्या पाट्या पाठ झाल्या, माणूस एकही दिसला नव्हता. त्यात टीव्हीही परका निघाला. गावी तेव्हा केबलची वायर थेट टीव्हीला लागायची. एक रिमोट, दोन आकडी नंबर, वर-खाली करत जायचं. पुण्यात मात्र सेट-टॉप बॉक्स सक्तीचे होऊन वर्ष उलटलं होतं. केबल डिजिटल करण्याचा कायदा २०११ मध्ये झाला. पहिल्या टप्प्यात मुंबई, दिल्लीसारखी चार महानगरं, दुसऱ्या टप्प्यात पुण्यासह अडतीस शहरं, आणि त्यांची मुदत होती ३१ मार्च २०१३. आमच्यासारख्या लहान शहरांचा आणि खेड्यांचा नंबर त्यानंतरचा, शेवटचा टप्पा २०१७ पर्यंत चालला. म्हणजे आई एका काळातून उठून दुसऱ्या काळात येऊन बसली होती. दोन रिमोट, तीन-चार आकडी नंबर आणि खाली सरकणाऱ्या इंग्रजी पट्ट्या.

एके दिवशी मी घरी आले तर ती निळ्या पडद्यासमोर बसलेली. सकाळी दहाला तिच्याकडून टीव्हीच्या रिमोटवरचं ‘सोर्स’ बटण दाबलं गेलं होतं आणि टीव्ही बॉक्सकडून चित्र घ्यायचा थांबला होता. ‘नो सिग्नल’ एवढंच दिसत होतं. फोन का नाही केलास म्हटलं, तर म्हणाली, “तू मिटिंगात असशील की गं.” त्या रात्री मी ठरवलं की हे नीट शिकून घ्यायचं.

आधी कनेक्शन कुठलं घ्यायचं ते. डीटीएच, म्हणजे स्वतःची छत्री, आणि केबल हे दोन मुख्य रस्ते. तिसरा रस्ता दूरदर्शनच्या फ्री डिशचा: छत्री आणि बॉक्सचा एकदाच खर्च, महिन्याला काही नाही. ही सेवा २००४ च्या डिसेंबरात सुरू झाली. सह्याद्री त्यावर कायम असतं, पण खासगी वाहिन्यांच्या जागांचा लिलाव होत असल्याने त्या येतात-जातात. आईला रोज रात्रीची एखादी ठरावीक मालिका लागत असेल तर फक्त फ्री डिशवर विसंबू नका, आधी ती वाहिनी सध्या तिथे आहे का ते बघा.

छत्री घ्यायची तर फ्लॅट बघायला जाल तेव्हाच दिशा बघा. आपल्याकडे चालणाऱ्या डीटीएचचे उपग्रह विषुववृत्तावर, पुण्याच्या पूर्वेकडे आहेत. टाटा प्लेचा ८३ अंश पूर्व रेखांशावर, फ्री डिशचा ९३.५ वर, एअरटेलचा १०८ च्या आसपास. पुणे ७४ च्या अलीकडे. त्यामुळे इथून प्रत्येक छत्री कमी-जास्त फरकाने आग्नेयेकडे तोंड करते. बाल्कनी पश्चिमेला किंवा उत्तरेला असेल तर तिथे छत्री चालणारच नाही, मग गच्चीवर लावायची परवानगी सोसायटीकडून मागावी लागते. वास्तू बघून बांधलेल्या इमारतींत आग्नेयेला स्वयंपाकघर असतं, म्हणून पुण्यात इतक्या छत्र्या स्वयंपाकघराला लागून असलेल्या, धुण्या-वाळवण्याच्या ड्राय बाल्कनीच्या ग्रिलला टांगलेल्या दिसतात. धुण्याच्या दोऱ्यांशी त्यांचं भांडण होतं, पण सिग्नल तिथेच मिळतो.

आणखी एक गोष्ट, जी बसवणारा मुलगा घाईत सांगत नाही. छत्री समोर बघते असं आपल्याला वाटतं, प्रत्यक्षात तिला आकाशातली बरीच वरची जागा दिसते. पुण्याहून फ्री डिशचा उपग्रह क्षितिजापासून साधारण ५९ अंशांवर आहे, टाटा प्लेचा ६६ अंशांवर. त्यामुळे वरच्या मजल्याच्या बाल्कनीचा स्लॅब आडवा येतो. छत्री ग्रिलच्या बाहेर काढावी लागते आणि त्याला घरमालकाची लेखी हो लागते, कारण भिंतीला भोकं पडतात. आणि उन्हाळ्यात बसवत असाल तर समोरच्या झाडाकडे नीट बघा. मे महिन्यात ज्या फांद्यांतून आभाळ दिसतं, त्याच फांद्या जुलैत पानांनी भरतात आणि चित्र तुटायला लागतं. कर्वेनगरला आमच्या इमारतीतल्या एका घराचा टीव्ही दरवर्षी पावसाळ्यात असाच रुसायचा, दोष समोरच्या पर्जन्यवृक्षाचा होता.

पाऊस जोरात आला की छत्रीचं चित्र चौकोन-चौकोन होऊन थांबतं. या लहरी इतक्या आखूड असतात की पावसाचे थेंब त्या शोषून घेतात. वळवाच्या सरीत हे होणारच. सर ओसरली की चित्र आपोआप येतं. आई-बाबांना हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ते घाबरून बॉक्सच्या वायरी काढतात किंवा छत्री हलवायला जातात. छत्री बोटभर हलली तरी मेकॅनिक बोलवावा लागतो.

केबलला पावसाचा हा त्रास नाही, तिचा त्रास वेगळा. मुख्य केबल कंपनीकडून सिग्नल तुमच्या भागातल्या केबलवाल्याकडे येतो आणि त्याच्याकडून वायरीने घरोघर जातो. वाटेत कुठल्यातरी इमारतीच्या जिन्यात ताकद वाढवणारा अॅम्प्लिफायर असतो आणि तो त्या इमारतीच्या विजेवर चालतो. तुमच्या घरात लाइट असून टीव्ही गेला असेल तर बहुतेक वेळा तिकडे वीज गेलेली असते. गुरुवारी हे हमखास होतं, कारण पुण्यात वीज खात्याची देखभालीची कामं गुरुवारी निघतात.

तरीही, आई-बाबांसाठी घेत असाल तर मी केबलच्या बाजूची आहे, आणि त्याला कारण आहे. केबलवाल्याचं स्वतःचं एक लोकल चॅनल असतं. छत्रीवर ते येत नाही, कारण छत्रीचा सिग्नल साऱ्या देशाला एकच. लोकल चॅनलवर भागातल्या गणपतीच्या आरत्या, विसर्जन, शाळेचं गॅदरिंग, मंदिरातलं कीर्तन दाखवतात. आम्ही धायरीला राहायला गेलो तेव्हा आईने त्यावर शेजारच्या सोसायटीचं भजनी मंडळ पाहिलं. टाळ धरलेल्या एका बाईचा चेहरा तिने दोन दिवसांनी भाजीच्या गाडीवर ओळखला. “तुम्ही टीव्हीत होता ना?” इथून सुरुवात झाली. त्या वर्षाच्या भाद्रपदात आई त्या मंडळात पहिल्या रांगेत बसून गात होती. शहराने तिला घरात घेतलं ते त्या दरवाजाने. केबलवाला नियमित नसेल, फोन उचलत नसेल, तर मात्र छत्रीच घ्या. चौकशी सोसायटीच्या वॉचमनकडे नको, मजल्यावरच्या एखाद्या आजीकडे करा. तिला सगळं माहीत असतं.

पैशांचं थोडक्यात. २०१९ पासून आपल्याला हवी ती वाहिनी निवडण्याचा हक्क आहे. बिलात दोन भाग असतात: जोडणीची मूळ फी आणि वाहिन्यांचे दर, दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. ही मूळ फी आधी ट्रायने, म्हणजे सरकारच्या दूरसंचार नियामक संस्थेने, ठरवलेली होती, १३० रुपये, कर धरून १५३ रुपये ४० पैसे. २०२४ पासून ती किती ठेवायची हे कंपन्यांवर सोडलं आहे, त्यामुळे दोघा-तिघांकडे विचारा. विचारायला जाण्याआधी आई-बाबांना फोन करून त्यांच्या वाहिन्यांची यादी घ्या. बाबांना मराठी बातम्या आणि सह्याद्री, आईला दोन-तीन मालिकांच्या वाहिन्या आणि एखादी भक्तीची, एवढ्यात बहुतेक घरं भागतात. समोरचा माणूस मोठा पॅक गळ्यात मारायला बघेल. एचडी वाहिनीचे पैसे वेगळे लागतात, आणि जुना टीव्ही असेल तर त्यात फरकही दिसत नाही.

बॉक्स लागला की तासभर सोबत बसा. वाहिन्यांचे नंबर प्रत्येक कंपनीचे निराळे असतात, गावाकडचे पाठ नंबर इथे चालत नाहीत. मोठ्या अक्षरात नंबर लिहून कागद टीव्हीशेजारी लावा. बॉक्समध्ये ‘फेव्हरिट’ची सोय असते, त्यात त्यांच्या वाहिन्या टाका. टीव्हीच्या रिमोटवरच्या ‘सोर्स’ बटणावर चिकटपट्टी लावा. बॉक्सची भाषा मराठी किंवा हिंदी करता येत असेल तर करा.

आता रेकॉर्डिंगचं, ज्यात मी स्वतः पोळले. काही बॉक्समध्ये हार्ड डिस्क असते, काहींना मागे पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्ड करता येतं. रात्रीची मालिका दुपारी बघायला, चालू कार्यक्रम थांबवून दार उघडायला जायला ही सोय फार चांगली. वेळ लावून रेकॉर्डिंग ठेवलं असेल तर भिंतीवरचं बटण चालू राहू द्या, वीजबिल वाचवायला बंद केलेला बॉक्स काहीच टिपत नाही. पण जपून ठेवायची गोष्ट त्यात ठेवू नका. आईचं मंडळ लोकल चॅनलवर दाखवलं तेव्हा मी मोठ्या हौसेने ते पेन ड्राइव्हवर घेतलं. वर्षभराने बॉक्स बिघडला, माणूस येऊन दुसरा लावून गेला. नव्या बॉक्सला पेन ड्राइव्ह लावला तर आत काही नाही. लॅपटॉपला लावला तर फाइल आहे, उघडत नाही. ही रेकॉर्डिंग कुलूपबंद असतात आणि किल्ली त्या एका बॉक्सपाशी असते. बॉक्स गेला की किल्ली गेली. बदलायला आलेल्या माणसाने हे एका वाक्यात सांगितलं असतं तर मी जुना बॉक्स हातचा सोडला नसता, निदान सुरू होतो का ते बघितलं असतं. शेवटी मंडळाचं शूटिंग करणाऱ्याला शोधलं, त्याच्याकडे मूळ फाइल होती. तुम्हीही तेच करा: घरचं कुणी टीव्हीवर दिसलं तर ज्याने शूट केलं त्याच्याकडून प्रत मागा, आणि त्याच आठवड्यात मागा.

गावाकडून येताना आई-बाबा ट्रंकेत लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटही आणतात. त्या माळ्यावर टाकू नका. पुण्याच्या पावसाळी दमटपणात टेपवर पांढरी बुरशी चढते आणि तशी कॅसेट व्हीसीआरमध्ये घातली तर मशीनही खराब होतं. व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या जपानी कंपनीनेही २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं, आता जी मशीन आहेत ती जुनीच. जुन्या फोटो स्टुडिओंपैकी काही जण अजून कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून देतात. एकच कॅसेट आधी देऊन बघा, काम नीट झालं तर बाकीच्या द्या. उतरवलेली फाइल दोन ठिकाणी ठेवा.

राहिलं घर बदलणं. अकरा महिन्यांचा करार संपला की निघावं लागतं, हे पुण्यात गृहीत धरा. छत्रीचं कनेक्शन तुमच्या नावावर असेल तर ते तुमच्याबरोबर येतं, फक्त हलवण्याचा खर्च आधी विचारा. केबलचं तसं नसतं, प्रत्येक केबलवाल्याचा एरिया ठरलेला. वारज्याहून धायरीला येताना मला नवीन बॉक्स घ्यावा लागला, कारण एका कंपनीचा बॉक्स दुसरीच्या सिग्नलवर चालत नाही. म्हणून सुरुवातीलाच विचारा: बॉक्स विकत देताय की भाड्याने? भाड्याने असेल तर अनामत किती, परत केल्यावर किती मिळणार? अर्ज स्वतःच्या नावाने भरा, घरमालकाच्या जुन्या कनेक्शनवर पैसे भरत राहू नका. आणि निघताना बॉक्स, रिमोट, अडॅप्टर परत दिलं की पावती घ्या, तिच्यावर बॉक्सखालचा नंबर आणि तारीख लिहून घ्या, फोटो काढून ठेवा.