'म्हणे' कुठे लावायचं: मॉर्मन इतिहासाच्या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांसाठी

पहिल्या सत्रातली माझी टिपणांची वही अजून माझ्याकडे आहे. टिपणं मराठीत, कारण घाईत असलं की डोकं मराठीतच चालतं. मॉर्मन चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याच्याबद्दल तीत लिहिलंय: 'न्यूयॉर्क राज्यात पाल्मायरा गावाजवळ राहायचा. १८२० साली रानात प्रार्थनेला गेला, तिथे देव दिसला म्हणे. पुढे देवदूत आला म्हणे. सोन्याचे पत्रे मिळाले म्हणे.' त्याच पानावर खाली शेजाऱ्यांचं म्हणणं उतरवलंय: 'स्मिथ मंडळी आळशी. गुप्तधनाच्या मागे. रात्री जमिनी खणत हिंडायची.' इथे एकही 'म्हणे' नाही.

हे माझ्या ध्यानात यायला दीड वर्ष लागलं. मी साताऱ्याची. ना मॉर्मन, ना ख्रिस्ती. अमेरिकेत धर्मेतिहास शिकायला आले तेव्हा मला वाटायचं की या वादात आपलं काही घेणं-देणं नाही, म्हणजे आपण आपोआप तटस्थ. वर्गात मॉर्मन घरातला मुलगा होता, चर्च सोडलेली मुलगी होती. दोघांचे डोळे पाणावायचे, आवाज चढायचे, आणि मी मधे बसून मनातल्या मनात पंचगिरी करायचे. माझ्या वहीतले 'म्हणे' तेव्हा कुणी मोजले असते तर बरं झालं असतं.

शेजाऱ्यांचं ते म्हणणं आलं कुठून, ते सांगते, कारण या विषयात येणारा प्रत्येक जण त्यात एकदा तरी पाय घालतो. १८३३ साली हर्लबट नावाच्या माणसाला चर्चमधून काढून टाकलं. त्याच वर्षी तो पाल्मायरा आणि मँचेस्टर भागात गेला आणि स्मिथ कुटुंबाविरुद्ध शपथपत्रं गोळा करत फिरला. एका निवेदनावर तर पाल्मायराच्या ५१ जणांच्या सह्या आहेत. हा सगळा ऐवज १८३४ मध्ये ओहायोतल्या एका वृत्तपत्राच्या मालकाने पुस्तकात छापला. मी माझ्या निबंधात 'डॉक्टर हर्लबट यांनी केलेल्या चौकशीनुसार' असं ऐटीत लिहिलं होतं. परत आलेल्या निबंधात समासात एकच ओळ होती: 'डॉक्टर ही पदवी नाही, त्याचं पाळण्यातलं नाव आहे.' खरंच, आईबापांनी मुलाचं नावच डॉक्टर ठेवलं होतं. मी मात्र त्याला पदवी आणि पदवीबरोबर विश्वासार्हता दोन्ही बहाल करून मोकळी झाले होते.

मग मी दुसऱ्या टोकाला गेले. हाकललेल्या माणसाने सूड म्हणून जमवलेली शपथपत्रं, एकमेकांशी मिळतीजुळती वाक्यं, टाका बाजूला. तेही चूकच. जोसेफ स्मिथने स्वतः १८३८ मध्ये सांगायला घेतलेल्या इतिहासात, जोसाया स्टोवेल नावाच्या माणसाने आपल्याला चांदीच्या खाणीच्या शोधात खणायला मजुरीवर ठेवलं होतं, हे कबूल केलंय. १८२६ मध्ये याच खणाखणीवरून तो न्यायाधीशासमोर उभाही राहिला होता. म्हणजे वैरी खुनशी होता आणि तरी त्याचं काही म्हणणं खरं होतं. नव्या माणसाला हे पचायला जड जातं. आपल्याला साक्षीदार एकतर सज्जन हवा असतो, नाहीतर लबाड.

तेव्हापासून मी प्रत्येक कागदासाठी वहीत चार रकाने आखते. घटना कधीची, लिहिलं कधी, लिहून कुणी घेतलं, आणि कुणाला ऐकवायला. बखरी वाचून मोठं झालेल्या माणसाला यात नवल वाटू नये. बखर कधी लिहिली आणि कुणाच्या सांगण्यावरून, हे विचारल्याशिवाय आपण तिच्यातला आकडा उचलत नाही. पण परदेशातला छापील इंग्रजी कागद समोर आला की ही सवय आपण घरी विसरून आलेलो असतो.

रकाने किती उपयोगी पडतात त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे जोसेफच्या बायकांचा वाद. चर्चने स्वतः प्रसिद्ध केलेल्या निबंधात आज तीस ते चाळीस बायका असा अंदाज दिलाय. पण त्याची पहिली बायको एमा हिने १८७९ मध्ये, मरणाच्या थोडं आधी, मुलाखतीत साफ सांगितलं की माझ्या नवऱ्याला दुसरी बायको नव्हती. उलट युटामध्ये, म्हणजे जोसेफच्या मृत्यूनंतर बहुतेक मॉर्मन जिथे जाऊन वसले तिथे, १८६९ पासून अनेक बायकांनी शपथेवर सांगितलं की आमचं जोसेफशी लग्न झालं होतं. खरं कोणाचं?

आता रकाने भरा. एमाची मुलाखत घेतली तिच्याच मुलाने, तिसऱ्या जोसेफ स्मिथने. हा युटाला न गेलेल्या, १८६० मध्ये वेगळ्या उभ्या राहिलेल्या शाखेचा अध्यक्ष, आणि आपल्या बापाने बहुपत्नीत्व सुरू केलंच नाही यावर त्या शाखेची सगळी भिस्त. युटातली शपथपत्रं जमवली जोसेफ एफ. स्मिथने. त्याच्या शाखेने १८५२ मध्ये बहुपत्नीत्व उघडपणे जाहीर केलेलं, आणि ते मूळ पुरुषापासूनच चालत आलंय हे सिद्ध करणं त्याची गरज. हे दोघे सख्खे चुलतभाऊ. दोघांचेही बाप २७ जून १८४४ रोजी इलिनॉयमधल्या कार्थेजच्या तुरुंगात एकाच जमावाने मारले. याला आपल्याकडे भाऊबंदकी म्हणतात, आणि भाऊबंदकीतला प्रत्येक कागद कज्ज्यासाठी तयार केलेला असतो. म्हणून तो खोटा ठरत नाही. पण १८४३ मध्ये नाव्हू या जोसेफच्या गावात रोजच्या रोज लिहिली गेलेली, जोसेफचा कारकून विल्यम क्लेटन याची रोजनिशी त्या दोन्हींपेक्षा वजनदार ठरते, आणि ती युटाच्या बायकांच्या बाजूने बोलते. 'दोन्ही बाजू मांडल्या, वाचकाने ठरवावं' असं लिहून इथे निसटणं म्हणजे समतोल नव्हे, आळस. मी एकदा तसं निसटलेय.

याच प्रकरणात मराठीनेही मला खिंडीत गाठलं. या बायकांसाठी माझ्या वहीत सहज शब्द आला, 'सवती'. या एका शब्दात मत्सर, रडारड, जुन्या कहाण्यांमधली छळवादी बाई असं सगळं भरलेलं आहे. काही रोजनिशांमध्ये ते दुःख आहेही. पण त्याच युटातल्या बायका १८७० मध्ये बहुपत्नीत्वविरोधी कायद्याच्या मसुद्याविरुद्ध हजारोंनी सभेला जमल्या होत्या, आणि त्याच वर्षी त्यांना मताचा हक्क मिळाला. 'सवत' म्हटलं की ही सभा नजरेआड होते. 'संत' शब्दाचंही तसंच. ते स्वतःला अखेरच्या दिवसांतले संत म्हणवतात तेव्हा अर्थ फक्त 'श्रद्धावंत मंडळी' एवढाच असतो, तुकोबा-ज्ञानोबा नव्हे. 'पंथ' मात्र मराठीत निरुपद्रवी आहे, इंग्रजीत त्याच्या जागी वापरला जाणारा 'कल्ट' हा शब्द शिवी आहे. मराठीत विचार करून इंग्रजीत लिहिणाऱ्याने हे जपावं. आणि २०१८ पासून चर्चची विनंती आहे की 'मॉर्मन' न म्हणता पूर्ण नाव घ्या. आजच्या माणसांबद्दल बोलताना मी ती पाळते. एकोणिसाव्या शतकाबद्दल लिहिताना 'मॉर्मन'च लिहिते, कारण त्या काळचे कागद तसंच म्हणतात.

क्रियापदाकडेही लक्ष ठेवा. ११ सप्टेंबर १८५७ रोजी दक्षिण युटातल्या माउंटन मेडोज इथे आर्कान्सामधून कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या तांड्यातली सुमारे १२० माणसं ठार झाली. सतरा लहान मुलं तेवढी जिवंत ठेवली. बरीच जुनी मॉर्मन कथनं हे सांगताना कर्ता गाळतात, नाहीतर सगळा दोष पाय्यूट आदिवासींवर ढकलतात. 'मारले गेले' हे वाक्य मराठीत तसंही कानाला खटकतं. आपली भाषा लगेच विचारते, कोणी मारलं? मारलं स्थानिक मॉर्मन मिलिशियाच्या लोकांनी, काही पाय्यूटांना सोबत घेऊन. विरोधकांच्या लिखाणात उलटा दोष सापडतो, तिथे कर्ता फुगतो आणि 'मॉर्मनांनी मारलं' होतं. तांड्याला जाऊ द्या, असं जोसेफनंतरचा चर्चप्रमुख ब्रिगम यंग याचं पत्र दोन दिवस उशिरा पोचलं. तरी अमेरिकी फौज युटावर चालून येत असताना त्यानेच भाषणांनी वातावरण तापवलं होतं, हेही खरं. त्याचा दोष किती, यावर जाणकारांचं आजही एकमत नाही. शिक्षा झाली एकाच माणसाला. जॉन डी. ली याला १८७७ मध्ये त्याच माळावर नेऊन गोळ्या घातल्या.

या प्रकरणाचा पहिला नेटका इतिहास १९५० मध्ये लिहिला हुआनिटा ब्रुक्स यांनी. त्या दक्षिण युटातल्याच, श्रद्धावान मॉर्मन, आणि शेवटपर्यंत चर्चमध्ये राहिल्या. त्याआधी पाच वर्षं फॉन ब्रोडी यांनी जोसेफ स्मिथचं चरित्र लिहिलं, त्यात तो प्रतिभावान पण बनाव रचणारा माणूस ठरला. ब्रोडींना १९४६ मध्ये बहिष्कृत केलं. मायकेल क्विन यांना १९९३ मध्ये बहिष्कृत केलं, आणि तरी ते स्वतःला शेवटपर्यंत श्रद्धावानच म्हणवत राहिले. दुसरीकडे जॅन शिप्स मेथडिस्ट या वेगळ्याच ख्रिस्ती पंथातल्या, मॉर्मन चर्चशी नातं नाही, आणि मॉर्मनांना आतून समजून घेण्यात त्यांचा हात धरणारे थोडे. म्हणून लेखकाचं नाव दिसलं की आधी 'आतला की बाहेरचा' असं वर्गीकरण करण्याची जी सवय या क्षेत्रात लवकर लागते, ती मला फार उपयोगाची वाटत नाही. तळटीपा बघा. मी पुस्तक मागून वाचायला घेते.

मार्क हॉफमनची गोष्ट प्रत्येक जण तुम्हाला सांगेलच, म्हणून थोडक्यात. १९८० च्या दशकात तो आरंभीच्या मॉर्मन इतिहासाची 'दुर्मिळ' पत्रं विकायचा. एकात देवदूताच्या जागी पांढरा सरडेवजा प्राणी होता. टीकाकार खूश झाले, चर्चनेही त्याच्याकडून कागद घेतले. सगळे बनावट. बिंग फुटायची वेळ आली तेव्हा १५ ऑक्टोबर १९८५ रोजी त्याने बॉम्बने दोन माणसं मारली. ज्याला जे हवं होतं ते त्याने त्याला दिलं होतं.

आता कामाचं. सॉल्ट लेक सिटीतलं चर्चचं इतिहास ग्रंथालय कुणालाही खुलं आहे. धर्म कुठला, हे मला तिथे एकदाही विचारलं गेलं नाही. जोसेफ स्मिथचे कागद २००८ ते २०२३ या काळात २७ खंडांत छापून झालेत आणि संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यामुळे साताऱ्यात बसूनही सुरुवात करता येते. रानातल्या दर्शनाची १८३२, १८३५, १८३८ आणि १८४२ ची कथनं एकमेकांशेजारी ठेवून वाचा, एक आठवडा त्यातच घालवा. १८३२ च्या कथनात पापक्षमेची ओढ आहे आणि प्रभू एकच दिसतो. १८३८ मध्ये दोन व्यक्ती आहेत आणि प्रश्न खरं चर्च कोणतं हा आहे. हे १८३२ चं कथन जगापुढे आलं १९६५ मध्ये, आणि तेही ब्रिगम यंग विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याच्या पदव्युत्तर प्रबंधातून. मार्गदर्शक 'सगळं लिहून झालंय आता' म्हणाले की हे सांगा. जोसेफने नाव्हूत नेमलेल्या 'पन्नासांच्या सभे'चं, म्हणजे एका गुप्त सल्लागार मंडळाचं, इतिवृत्त दीडशेहून जास्त वर्षं बंद होतं, तोवर त्यावर काय काय तर्क लढवले गेले. २०१६ मध्ये ते छापून आलं आणि बरेच तर्क विरून गेले.

नोकऱ्यांचं सांगायचं तर फक्त 'मॉर्मन इतिहास' या नावावर फारशा नाहीत. मोजक्या विद्यापीठांत अध्यासनं आहेत. प्रबंधाचा विषय अमेरिकी पश्चिम, स्त्रिया, कायदा, स्थलांतर अशा कुठल्या तरी मोठ्या छत्रीखाली ठेवा. अध्यासनाला पैसा कुणी दिलाय ते विचारा. त्यात अपमान नाही, चौथ्या रकान्याचाच तो भाग आहे.

आणि माणसं. मी भाड्याने राहायचे त्या घरच्या आजींनी एका संध्याकाळी चीज घातलेल्या बटाट्यांच्या ताटलीबरोबर आपल्या पणजीची रोजनिशी पुढे ठेवली. पणजी तिसरी बायको. मी वाचत असताना आजी समोर बसून होत्या. एका पानावर पणजीने नवऱ्याबद्दल जे लिहिलं होतं ते मी माझ्या लेखात वापरावं की नाही, यावर माझा एक महिना गेला. शेवटी आधी त्यांना माझा मजकूर वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "तिने लिहिलंय ना? मग राहू दे." सगळे असं म्हणणार नाहीत. एका कुटुंबाने मला कागद परत मागितले, आणि ते प्रकरण माझ्या प्रबंधात नाही.

सध्या मी वेगळ्याच गावात अडकलेय. १८५२ मध्ये ह्यू फिंडले नावाचा मॉर्मन मिशनरी मुंबईत उतरला आणि नंतर पुण्यात काम करू लागला. हाताला फार थोडी माणसं लागली. त्याची बाजू मला त्याच्या पुस्तिकांतून मिळते. दुसऱ्या बाजूसाठी त्या काळचा 'ज्ञानोदय' चाळायला घेतलाय. तो १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू केला अमेरिकन मिशनऱ्यांनी, म्हणजे फिंडलेच्या प्रतिस्पर्ध्यांनी. मजकूर मिळायच्या आधीच तिसरा आणि चौथा रकाना भरून ठेवलाय, पेन्सिलीने.