भाच्याच्या दंडासाठी बेलिफ दारात आला तर

2023 च्या नोव्हेंबरात सकाळी सव्वासातला लंडनमधल्या आमच्या हाउन्स्लोच्या घराची बेल वाजली. दाराच्या काचेतून काळं जाकीट दिसलं, छातीवर कॅमेऱ्याचा लाल ठिपका. बेलिफ होता, म्हणजे थकलेला दंड वसूल करणारा माणूस. नाव भाच्याचं घेत होता आणि मागत होता 722 पौंड.

मूळ भानगड रेल्वेच्या तिकिटाची. भाच्याने तिकीट काढलेलं, पण ते मोबाइलमध्ये आणि नेमकी बॅटरी संपलेली. तपासनिसाला त्याने पत्ता दिला तो आधीच्या भाड्याच्या खोलीचा. पुढच्याच महिन्यात त्याने खोली सोडली. कोर्टाची सगळी पत्रं तिथे जात राहिली आणि त्याच्या गैरहजेरीत 412 पौंडांचा दंड बसला. बेलिफांचं पहिलं पत्र मात्र आमच्याकडे आलं होतं. त्याच्या नावाचं म्हणून मी ते न फोडता फडताळावर ठेवलं. तुम्ही तसं करू नका. 2023 मध्ये त्या पत्रालाच 75 पौंड लागत. त्यानंतर निदान सात दिवसांची मुदत असते, तीत रविवार आणि बँकेच्या सुट्ट्या धरत नाहीत. ती उलटून माणूस दारात आला की तेव्हा आणखी 235 लागत.

दार उघडायचं का? इंटरनेटवर सगळे छातीठोकपणे सांगतात, ‘दार उघडू नका, बेलिफाला जबरदस्तीने आत येताच येत नाही.’ क्रेडिट कार्डाच्या किंवा कौन्सिल टॅक्सच्या, म्हणजे इथल्या घरपट्टीच्या थकबाकीत पहिल्या भेटीला ते खरं आहे. मॅजिस्ट्रेट कोर्टाच्या फौजदारी दंडाला ते लागू नाही. तिथे शेवटचा उपाय म्हणून कुलूप उघडून आत यायची मुभा कायद्यात आहे. म्हणून दार बंद ठेवा, पण गप्प बसू नका. मी पत्रपेटीच्या फटीतून बोलले. ओळखपत्र आणि कोर्टाच्या वॉरंटची प्रत आत सरकवायला सांगितली, दोन्हींचे फोटो काढले. खासगी कंपनीच्या बेलिफाचं नाव सरकारी ऑनलाइन यादीत असावं लागतं, ते तिथेच उभं राहून पाहिलं. आपल्याकडे बेलिफ कोर्टाचा नोकर असतो, इथे बहुतेक वेळा कंपनीचा, हे डोक्यात पक्कं असू द्या. सकाळी सहाच्या आधी किंवा रात्री नऊनंतर सहसा त्याला येता येत नाही. घरात फक्त सोळा वर्षांखालची मुलं किंवा दुबळं, आजारी माणूस असेल तर त्याने आत यायचं नाही. आमच्या सासूबाई दुपारी एकट्या असतात, म्हणून हे मी त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवलं.

मग वस्तूंचं. भाच्याचा दंड मावशीच्या सोफ्यातून वसूल होत नाही. जप्ती फक्त ज्याचा दंड त्याच्याच मालाची. पण माल कुणाचा हे कागदाने दाखवावं लागतं. बेलिफाची नजर अंगणातल्या आमच्या गाडीवर होती. गाडीच्या लॉगबुकात नोंदणी कुणाच्या नावावर एवढंच असतं, मालकी त्याने सिद्ध होत नाही. खरेदीची पावती आणि बँकेचं स्टेटमेंट दाखवलं तेव्हा तो गाडीपासून बाजूला झाला. हप्ते बांधून देणारा, जप्त मालाची यादी असलेला करारनामा पुढे केला तर तुमच्या वस्तूंवर सही करू नका.

बहीण कोल्हापूरहून फोनवर रडत होती, ‘भरून टाक गं पैसे, पोराचं नाव खराब नको.’ मी भरले नाहीत आणि तुम्हीही घाईने भरू नका, कारण पैसे भरले तरी शिक्षेची नोंद तशीच राहते. बेलिफाशी कितीही हुज्जत घातली तरी दंड रद्द करणं त्याच्या हातात नाही. तो कोर्टातच रद्द होतो. खटल्याची खबरच नव्हती, असं असेल तर भाच्याने स्वतः शपथेवर तसं प्रतिज्ञापत्र करायचं, खटला कळल्यापासून 21 दिवसांत. मॅजिस्ट्रेटपुढे करता येतं, सॉलिसिटरपुढेही. ते मान्य झालं की आधीची शिक्षा रद्द होते, बेलिफाचं वॉरंटही संपतं आणि खटला पहिल्यापासून सुरू होतो. खोटं लिहिणं हा वेगळा गुन्हा आहे, तेव्हा कोर्टाचं पत्र मिळालं असेल तर ही वाट नाही. मग खटला पुन्हा उघडण्याचा अर्ज करायचा.

तोवर कोर्टाच्या दंडवसुली विभागाला फोन आणि ईमेल करून वसुली थांबवायला सांगा. दंडाचा खातेनंबर हाताशी ठेवा. तुम्ही नातेवाईक, म्हणून तुमच्याशी कुणी बोलणार नाही. भाच्याकडून ‘माझ्या वतीने मावशीशी बोलावं’ असं लेखी घ्या. फुकट सल्ल्यासाठी सिटिझन्स ॲडव्हाइस आहे.

आमच्या भाच्याची तारीख तीन आठवड्यांनी लागली. तिकिटाचे पैसे गेल्याची बँकेची नोंद त्याने दाखवली आणि रेल्वे कंपनीने खटला मागे घेतला. कोर्टाचा दंड म्हणजे दगडावरची रेघ नव्हे. ऑगस्ट 2024 मध्ये मुख्य मॅजिस्ट्रेट पॉल गोल्डस्प्रिंग यांनी रेल्वेभाड्याच्या खटल्यांतल्या शिक्षा बेकायदा ठरवल्या. अशी प्रकरणं अंदाजे 74 हजार होती. 1889 च्या रेल्वे कायद्याचे गुन्हे एकाच मॅजिस्ट्रेटने बंद खोलीत निकाली काढायची परवानगीच नव्हती. म्हणून नोटिशीवर कोणता कायदा लिहिलाय तेही वाचा.

हे सगळं इंग्लंड आणि वेल्सपुरतं. स्कॉटलंडचे नियम वेगळे आहेत.