ॲप त्यांनीच बनवायचं, आपण फक्त शेजारी बसायचं

आधी एक गोष्ट क्लिअर करते, लोकांना ॲप बनवून देणं आणि लोकांना स्वतःचं ॲप बनवायला मदत करणं ही दोन पूर्ण वेगळी कामं आहेत. पहिल्यात तुम्ही बनवता, उद्घाटनाचे फोटो निघतात, मग सहा महिन्यांनी एक बटण चालेनासं होतं आणि ते दुरुस्त करणारं तिथे कुणीच नसतं. दुसरं काम हळू होतं, दिसायला साधं असतं, पण तुम्ही तिथून निघालात तरी ॲप चालू राहतं. मला दुसऱ्याबद्दलच लिहायचंय.

पहिल्या मीटिंगला लॅपटॉप नेऊच नका, खरंच. लोकांना विचारा की गेल्या महिन्यात कशाने डोकं फिरलं, म्हणजे रस्त्यावरचे दिवे बंद, पाणी कधी येणार ते कळत नाही, रक्त लागलं तर रात्री कुणाला फोन करायचा, काहीही. "कसलं ॲप पाहिजे" असं विचारलंत तर लोक आधी पाहिलेलीच ॲप सांगतात, "त्रास काय" विचारलं की खरं बाहेर येतं. आणि मीटिंगमध्ये जे बोलत नाहीत त्यांना नंतर वेगळं भेटा, बायका, म्हातारी माणसं, ज्यांना वाचता येत नाही ते, कारण बऱ्याचदा ॲपची गरज त्यांनाच जास्त असते आणि बोलून जातं कुणी भलतंच.

मग प्रामाणिकपणे बघा की ॲप लागतंय का. निरोपच पोचवायचा असेल तर व्हॉट्सॲप ग्रुप पुरतो. फक्त सर्व्हे करायचा असेल तर कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके ही फोनवर फॉर्म भरून घ्यायची साधनं घ्या, फॉर्म बनवायचा, नेट नसलं तरी भरता येतो आणि रेंज आली की माहिती वर जाते. केनियात डिसेंबर 2007 च्या निवडणुकीनंतर हिंसाचार उसळला तेव्हा जानेवारी 2008 मध्ये उशाहिदी नावाची वेबसाइट सुरू झाली, स्वाहिली भाषेत या शब्दाचा अर्थ साक्ष, तर तिथे लोक काय घडलं ते एसेमेस आणि ईमेलने कळवायचे आणि ते नकाशावर दिसायचं. लोकांच्या हातात जे होतं त्यावरच काम उभं राहिलं, नवीन ॲप टाका असं कुणाला सांगावं लागलं नाही.

ॲपच पाहिजे असं ठरलं तर आधी कागद. फोनच्या आकाराचे तुकडे कापा, एका तुकड्यावर एक स्क्रीन, बटणं पेनाने काढायची आणि शेजारच्या कुणाला तरी सांगायचं की बोटाने दाबून दाखव, जिथे बोट अडखळलं तिथे खुणा करा. कागद फाडायला जीव जड होत नाही, बनवलेला स्क्रीन टाकून द्यायला होतो. बटणावरचे शब्द लोक बोलतात तेच ठेवा, "तक्रार नोंदणी" पेक्षा "काय बिघडलंय ते सांगा" लगेच कळतं.

बनवायला मी एमआयटी ॲप इन्व्हेंटर सुचवीन. हे मुळात 2010 मध्ये गूगलने आणलं, 2012 पासून एमआयटी हे अमेरिकेतलं विद्यापीठ चालवतं, फुकट आहे आणि ब्राउझरमध्ये चालतं. कोड टाइप करावा लागत नाही, रंगीत ब्लॉक एकमेकांत अडकवायचे, "बटण दाबल्यावर" हा एक ब्लॉक आणि त्याच्या पोटात काय व्हायचं ते. फोनवर त्यांचं कंपॅनियन ॲप टाकून क्यूआर कोड स्कॅन केला की लॅपटॉपवर केलेला बदल लगेच फोनवर दिसतो. पहिल्या दिवशी एवढंच करा, बटण दाबलं की फोन बोलला पाहिजे. दहा मिनिटांचं काम आहे पण "हे मी केलं" हे तिथेच कळतं आणि त्यानंतर लोक स्वतःहून बसतात.

माऊस मात्र तुमच्या हातात नको. कितीही हात शिवशिवले तरी नको! ते चुकीचा ब्लॉक लावतील, लावू दे, फोनवर काही होणार नाही, मग तेच शोधतील. तुम्ही पटकन लावून दिलात तर त्या दिवसाचं काम होतं पण पुढच्या वेळी परत तुम्हालाच हाक येणार.

एका ठिकाणी जवळपास सगळे अडकतात म्हणून नीट सांगते. ॲप इन्व्हेंटरमध्ये टायनीडीबी नावाचा साठा आहे, त्यात टाकलेली माहिती फक्त त्याच फोनमध्ये राहते. लोकांना वाटतं मी दिवा बंद असल्याचं टाकलं म्हणजे सगळ्यांना दिसलं, तसं होत नाही. सगळ्यांना दिसायला हवं असेल तर क्लाउडडीबी, म्हणजे नेटवरचा साठा, किंवा ऑनलाइन स्प्रेडशीट जोडावी लागते, आणि मग लगेच दुसरा प्रश्न येतो, हे बघणार कोण? तो ग्रुपने बसून सोडवायचा, तुम्ही नाही. छेडछाड, दारूचा अड्डा असल्या गोष्टी कळवायच्या असतील तर कळवणाऱ्याचं नाव आणि नंबर मागूच नका, कारण जी माहिती साठवलीच नाही ती फुटत नाही. फोटोचंही तेच, कॅमेऱ्यात लोकेशन चालू असेल तर फोटोच्या फाइलमध्ये जागा लपून बसलेली असते, हे लोकांना स्वतःच्या फोनवर उघडून दाखवा, नुसतं सांगून पटत नाही.

टेस्टिंग ग्रुपमधल्या सगळ्यात जुन्या, स्क्रीन तडकलेल्या फोनवर करा, उन्हात उभं राहून, नेट बंद करून. वापरणाऱ्याला काही समजावू नका, गप्प बसून बघा. पाच जणांना नुसतं बघितलंत तरी मोठ्या चुका बऱ्यापैकी सापडतात.

वाटायला एपीके फाइल, म्हणजे फोनवर टाकायचं तयार ॲप, थेट पाठवता येते, फोन वॉर्निंग देईल ते आधीच सांगून ठेवा. प्ले स्टोअरवर टाकायचं तर एकदाच 25 डॉलर भरावे लागतात, आणि नोव्हेंबर 2023 नंतर काढलेलं वैयक्तिक अकाउंट असेल तर आधी किमान 12 जणांनी सलग 14 दिवस टेस्टर म्हणून राहावं लागतं, सुरुवातीला हे 20 होते. शिवाय अँड्रॉइड बदलत जातं तसं ॲपही अपडेट करावं लागतं, म्हणून वस्तीपुरतं ॲप असेल तर मी म्हणेन घाई नको.

अकाउंट तुमच्या नावावर काढू नका, ग्रुपचा वेगळा ईमेल काढा, पासवर्ड निदान दोघांकडे हवा, आणि प्रोजेक्टची एआयए फाइल, म्हणजे ब्लॉकसकट मूळ काम, दर बदलानंतर उतरवून ठेवायची, कारण एपीकेमधून ब्लॉक परत मिळत नाहीत.

तुम्ही निघाल्यावर पहिल्या महिन्यात फोन येणारच, "ताई, चालत नाहीये". उत्तर सांगू नका, ब्लॉकचा स्क्रीनशॉट मागवा आणि विचारा की बटण दाबल्यावर काय व्हायला हवं होतं आणि काय झालं. पुष्कळदा सांगता सांगताच पलीकडून आवाज येतो, "थांबा थांबा, सापडलं."