संघटनांच्या क्षेत्राचा अभ्यास करताना या चुका टाळा

पुण्यात समाजकार्य, समाजशास्त्र किंवा व्यवस्थापन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल आणि लघुप्रबंध तपासण्याचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे. विषय बहुधा अवतीभवतीचेच असतात: गणेश मंडळे, गृहनिर्माण संस्था, शिक्षण संस्था, बचत गट, कचरावेचकांची संघटना. दुसऱ्या प्रकरणात सिद्धान्त येतो, चौथ्यात मुलाखती येतात, आणि या दोहोंचा एकमेकांशी काय संबंध आहे याचा पत्ता शेवटपर्यंत लागत नाही. सामाजिक संरचना (कायदा, जात, रूढी यांची चौकट) आणि माणसांचे कर्तेपण (स्वतः ठरवून काही करण्याची क्षमता) मिळून संघटनांचे क्षेत्र कसे घडवतात असा प्रश्न असतो. उत्तरात संरचनेचा एक परिच्छेद आणि कर्तेपणाचा एक परिच्छेद शेजारी शेजारी ठेवलेला असतो, बोलणे बंद असलेले दोन भाऊ एकाच पंगतीत बसावेत तसा. यातल्या बहुतेक चुका आळसाच्या नसतात. त्या पहिल्याच पानावर एखादी संकल्पना चुकीची धरल्यामुळे होतात आणि मग शंभर पाने तशाच पुढे जातात.

‘क्षेत्र’ म्हणजे एकाच जातीच्या संस्थांची यादी नव्हे

आमच्याकडे ‘फील्ड’ या शब्दाचा एक वेगळाच घोळ आहे. समाजकार्याचे विद्यार्थी वस्तीत कामाला जातात त्याला ‘फील्डवर जाणे’ म्हणतात, त्यामुळे संघटनांचे क्षेत्र म्हणजे एखादा भूभाग असावा अशी अनेकांची समजूत होते. दुसरी आणि अधिक सामान्य चूक अशी की, गणेश मंडळांच्या क्षेत्राचा अभ्यास म्हणजे वीस मंडळांचा तक्ता असे मानले जाते. पॉल डिमॅजिओ आणि वॉल्टर पॉवेल या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी १९८३ साली ही संकल्पना मांडली, तेव्हा तिच्यात सारखे काम करणाऱ्या संघटनांबरोबर पुरवठादार, ग्राहक आणि नियमन करणाऱ्या यंत्रणाही होत्या. मंडळाच्या बाबतीत याचा अर्थ मांडव घालणारा ठेकेदार, मूर्तिकार, ढोल-ताशा पथक, ध्वनिक्षेपकाच्या भिंती भाड्याने देणारा, वर्गणीची पावती फाडणारा दुकानदार, पोलीस ठाणे, महापालिकेचे क्षेत्रीय कार्यालय आणि धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय हे सगळे क्षेत्राच्या आत येतात.

सीमा कुठे आखायची हे कळत नसेल तर एक साधी कसोटी वापरावी. एखादा निर्णय घेण्याआधी हे लोक कोणाकडे पाहतात, कोणाची परवानगी घेतात, कोणाशी स्पर्धा करतात आणि कोण काय म्हणेल याची धास्ती बाळगतात, ते विचारावे. ज्याचे नाव कोणाच्याच उत्तरात येत नाही तो क्षेत्राबाहेरचा, मग त्याचे कार्यालय त्याच गल्लीत का असेना.

क्षेत्रात सगळे समान पातळीवर नसतात हेही याच टप्प्यावर लक्षात ठेवावे लागते. पुण्याच्या विसर्जन मिरवणुकीत कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग आणि केसरीवाडा हा मानाच्या पाच गणपतींचा क्रम आहे, आणि लक्ष्मी रस्त्यावर कोणाची मिरवणूक कधी येते यात त्या क्षेत्रातील प्रतिष्ठेचा सगळा नकाशा दिसतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिअर बोर्द्यू यांच्या परिभाषेत हे प्रतीकात्मक भांडवल, म्हणजे पैशासारखीच कामी येणारी प्रतिष्ठा होय. पुणेकर त्याला ‘मान’ म्हणतात, आणि माझ्या मते हा शब्द अधिक नेमका आहे, कारण मान हा असावा लागतो तसाच तो दुसऱ्यांनी द्यावाही लागतो.

नियमाला केवळ बेडी समजणे

‘कायद्यामुळे संस्थेवर बंधने येतात’ हे वाक्य मी इतक्या अहवालांत वाचले आहे की आता ते डोळ्यांना दिसतही नाही. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ अँथनी गिडन्स यांचा मुद्दा विद्यार्थी पाठ करतात, पण वापरत नाहीत: संरचना माणसाला अडवते तशीच त्याला काही करण्याची साधनेही पुरवते, आणि माणसांच्या रोजच्या वागण्यातूनच ती टिकते किंवा बदलते.

याचे उत्तम उदाहरण पुण्यातच आहे. न्यू इंग्लिश स्कूल १८८० साली सुरू झाले, डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये स्थापन झाली आणि फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ मध्ये उघडले. संस्थापकांनी आजीव सदस्यत्वाची जी पद्धत घालून दिली, तिच्यात महिना ७५ रुपयांच्या वेतनावर वीस वर्षे संस्थेला वाहून घेण्याची अट होती. या त्यागाच्या कल्पनेमागे जेझुइट पाद्र्यांचा आदर्श होता, म्हणजे ज्या मिशनरी शाळांना पर्याय उभा करायचा त्यांच्याकडूनच एक साचा उचललेला होता. हा नियम बंधनकारक होता यात शंका नाही. परंतु त्याच नियमामुळे तुटपुंज्या पैशात उत्तम शिक्षक मिळाले, लोकांचा विश्वास बसला आणि देणग्या मागायला तोंड मिळाले.

पुढचा भाग अधिक बोलका आहे. आजीव सदस्याने बाहेरची कामे आणि बाहेरचे उत्पन्न घ्यावे की नाही यावरून वाद पेटला. टिळकांचा आग्रह नियम काटेकोर पाळण्याचा होता, बहुमताने तो तसा वाचला नाही, आणि १८९० मध्ये टिळकांनी राजीनामा दिला. नियम करणाऱ्यालाच त्या नियमाच्या अर्थावरून बाहेर पडावे लागले, यात संरचना किती आणि कर्तेपण किती असा टक्केवारीचा प्रश्न विचारणे व्यर्थ आहे. नियमाचा अर्थ लावण्याचा अधिकार कोणाकडे होता आणि तो कधी हलला, हा खरा प्रश्न.

एकाच माणसाच्या गळ्यात सगळा हार

ही चूक पहिल्या दोहोंपेक्षा खोल आहे, आणि मराठी वाचकाच्या मनात चरित्रनायकाची जी सवय रुजली आहे तिच्यामुळे ती सुटता सुटत नाही. कचरावेचकांवरचा अहवाल घ्या. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने घरोघरचा कचरा गोळा करण्यासाठी महापालिकेशी करार केला. अहवालात हे सारे ‘बाबा आढाव यांच्या प्रेरणेने’ या एका वाक्यात उरकलेले असते. बाबांचे स्थान मोठेच आहे. पण या वाक्याने पाच गोष्टी झाकल्या जातात.

पुण्यात हमाल पंचायत १९५० च्या दशकापासून उभी होती, त्यामुळे असंघटित कष्टकऱ्यांनी ‘पंचायत’ या रूपात एकत्र येणे, ओळखपत्र मिळवणे, दर ठरवून घेणे हा साचा शहराच्या ओळखीचा होता. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षणाच्या कामातून कार्यकर्त्या या स्त्रियांपर्यंत पोचल्या होत्या. वेचणाऱ्या स्त्रिया प्रामुख्याने दलित समाजातील होत्या, आणि जात व लिंग या दोन्ही संरचनांनी त्यांना त्या कामाच्या तळाशी ठेवले होते. त्याच तळाशी मिळालेले कौशल्य, म्हणजे कोणता प्लास्टिकचा प्रकार कोणत्या दुकानात कोणत्या भावाने जातो याचे ज्ञान, पुढे वाटाघाटीतले भांडवल ठरले. केंद्र सरकारच्या २००० सालच्या घनकचरा नियमांनी घरोघरी संकलन आणि वर्गीकरणाची जबाबदारी नगरपालिकांवर टाकली. तो नियम खासगी ठेकेदारांसाठी दार उघडणारा ठरू शकला असता, आणि अनेक शहरांत तसे झालेही. पुण्यात संघटनेने त्याच दारातून आपले सभासद आत नेले. आणि पाचवी गोष्ट म्हणजे, रोज सकाळी ढकलगाडी घेऊन इमारतीत जाणाऱ्या आणि ओला-सुका वेगळा करून द्या असे दाराशी उभे राहून सांगणाऱ्या बाईचे कर्तेपण. करार कागदावर झाला तरी तो तिच्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या रोजच्या संभाषणातूनच जिवंत राहतो.

असा अहवाल अडला असेल तर नेत्याचे नाव तात्पुरते खोडून पाहावे आणि उरलेल्या मजकुरात कोण काय करते आहे ते शोधावे. काहीच उरले नाही तर मुलाखती अपुऱ्या झाल्या आहेत असे समजावे.

सारखेपणा दिसला की ‘नक्कल’ म्हणून मोकळे होणे

संस्था एकसारख्या का होतात याची तीन प्रकारची कारणे डिमॅजिओ आणि पॉवेल यांनी सांगितली: सक्तीमुळे, अनिश्चिततेत दुसऱ्याचे पाहून, आणि समान शिक्षण वा व्यवसाय असलेल्या लोकांच्या निकषांमुळे. विद्यार्थी तिन्ही लिहितात आणि प्रत्येक उदाहरण तिन्हींत बसवतात. गृहनिर्माण संस्थांचे कागद सारखे दिसतात ते शेजारच्या सोसायटीची नक्कल केल्यामुळे नव्हे. १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली आदर्श उपविधी, म्हणजे संस्थेच्या नियमांचा नमुना, तयार मिळतात आणि निबंधक कार्यालयात तेच सहज मंजूर होतात. याउलट ढोल-ताशा पथके शहरभर पसरली त्यामागे कोणताही कायदा नाही. शाळांच्या शिस्तबद्ध पथकांचा आदर्श समोर होता आणि त्याची वाहवा होत होती. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद होतात ते मात्र सरळसरळ ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांमुळे, ज्यांच्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये शिक्कामोर्तब केले.

फरक ओळखायचा तर तारखा लावाव्यात. नियम आधी आला की प्रथा? कल्पना कोणी आणली आणि कुठून? महर्षी कर्वे यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापन केले त्यामागे जपानमधील महिला विद्यापीठाची माहिती देणारी एक पुस्तिका होती. हे अनुकरणच, पण हिंगण्याच्या आश्रमाचा वीस वर्षांचा अनुभव आणि मातृभाषेतून शिक्षणाचा आग्रह यांतून गाळून घेतलेले अनुकरण. कुठला भाग घेतला आणि कुठला सोडला, तिथे कर्तेपण सापडते.

इतिवृत्तावर विश्वास ठेवणे

ही चूक मी स्वतः केली आहे. विद्यार्थिदशेत एका न्यासाच्या कारभारावर लिहीत असताना मला त्यांची इतिवृत्ताची वही मिळाली. चौदा सभा, प्रत्येकीत सूचक, अनुमोदक, ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. त्यावर मी ‘सहभागी निर्णयप्रक्रिया’ या मथळ्याखाली तीन पाने लिहिली. चौदाही सभा एकाच शाईत, एकाच बसण्यात लिहिल्यासारख्या हस्ताक्षरात होत्या, हे माझ्या लक्षात आले ते तिथे चहा देणारे काका हसत म्हणाले तेव्हा: “मीटिंग? ती अध्यक्षांच्या दुकानात होते, माल उतरवायच्या आधी.”

कागद आणि कारभार यांतली ही फारकत जॉन मेयर आणि ब्रायन रोवन या अमेरिकी अभ्यासकांनी १९७७ मध्येच दाखवून दिली होती. पण वही खोटी म्हणून फेकून देणेही तितकेच चूक. ती वही धर्मादाय कार्यालयासाठी, लेखापरीक्षकासाठी आणि देणगीदारासाठी लिहिलेली असते. संस्था वैध कशामुळे ठरते याचा तो उत्तम पुरावा आहे. निर्णय कसा झाला याचा पुरावा दुकानात शोधावा लागतो.

बदल घडवणारा बाहेरूनच येतो असे धरून चालणे

क्षेत्रात मुरलेला माणूस त्या क्षेत्राचे नियम बदलण्याचा विचार तरी कसा करेल, हा अभ्यासकांमधला जुना पेच आहे. उत्तर एक नाही. कधी तळाची, गमावण्यासारखे काही नसलेली मंडळी बदल करतात. कधी भांडवल भरपूर असल्याने धोका परवडणारी. २०२३ साली दगडूशेठ हलवाई गणपती मंडळाने मध्यरात्रीनंतर मिरवणुकीत सामील होण्याची आपली जुनी पद्धत सोडून दुपारी ४ च्या सुमारास मिरवणूक काढली. एवढा मोठा भाविकवर्ग असलेल्या मंडळालाच हे करता आले. आणि त्यानेही मानाच्या पाचांच्या पुढे नव्हे, तर त्यांच्यामागे जाणे पसंत केले. सवय मोडली, क्रम पाळला. विद्यार्थ्याने ‘परंपरा बदलली’ किंवा ‘परंपरा टिकली’ यांपैकी एक वाक्य निवडले की हे निसटते.

‘निर्णय घेण्यात आला’

शेवटची चूक व्याकरणाची वाटते, पण ती विषयाच्या गाभ्याशी आहे. अहवालांची मराठी ‘करण्यात आले’, ‘ठरवण्यात आले’, ‘अंमलात आणले गेले’ अशा क्रियापदांवर चालते. या प्रयोगात कर्ता गायब होतो. दुसऱ्या टोकाला ‘समाज मानतो’, ‘व्यवस्था दडपते’, ‘क्षेत्र घडवते’ अशी वाक्ये असतात, ज्यांत अमूर्त नामांना हातपाय फुटतात. कर्तेपणावर प्रबंध आणि वाक्यात कर्ताच नाही, हे विचित्र आहे. ते शैलीचे नसून तपासाचे अपुरेपण आहे, कारण कर्ता कोण हे लिहिणाऱ्याला बहुधा ठाऊकच नसते.

गेल्या वर्षी एका विद्यार्थिनीने लिहिले होते: ‘मंडळात डीजेऐवजी ढोल-ताशा पथक आणण्याचा निर्णय घेण्यात आला.’ मी समासात एवढेच लिहिले, ‘कोणी?’ ती पुन्हा जाऊन आली आणि वाक्य असे झाले: ‘दोन मोठ्या दुकानदारांनी डीजे असेल तर वर्गणी देणार नाही असे सांगितल्यावर खजिनदाराने पोलीस ठाण्यात झालेल्या बैठकीचे निमित्त पुढे केले आणि तरुण कार्यकर्त्यांना पथकासाठी राजी केले, वर्गणीचा विषय त्याने त्यांच्यासमोर काढलाच नाही.’ वाक्य लांबले, पण वर्गणी, पोलीस, वय आणि एका माणसाची हुशारी असे सगळे त्यात आले. त्या दुकानदारांना डीजेचा नेमका त्रास काय होता, हे विचारायचे राहिले होते. त्यासाठी ती तिसऱ्यांदा गेली.