ग्रुपचे अ‍ॅडमिन नेमताना या चुका टाळा

गोव्यात कुठल्याही वाड्यावर जा, देवस्थानचा, भजनी मंडळाचा, नाटकाचा असे तीन-चार व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असतातच. त्यांतल्या बऱ्याच ग्रुपांची भांडणं मी निस्तरली आहेत. मूळ बहुतेक वेळा एकच सापडतं: अ‍ॅडमिनपद मानाच्या नारळासारखं वाटलेलं असतं.

आमच्या डिचोलीकडच्या ग्रुपवरही तेच झालं. ग्रुप उघडला तेव्हा एक ज्येष्ठ म्हणाले, "सगळ्या वाड्यांच्या म्हालगड्यांना (वडीलधाऱ्यांना) कर रे अ‍ॅडमिन, उगाच कोणाचं मन दुखायला नको." मी केलं. एकोणीस झाले. मग सप्ताह आला. चोवीस तासांचं अखंड भजन, वाड्यावाड्यांना वेळा वाटून दिलेल्या आणि तो तक्ता ग्रुपच्या माहितीत टाकलेला. एका अ‍ॅडमिनने बाहेरगावच्या पथकाला उशीर होणार म्हणून पहाटेच्या दोन पाळ्यांची अदलाबदल केली. तासाभराने दुसऱ्याने हार्मोनियमवाल्याचं नाव दुरुस्त करायला आपल्या फोनमधला जुना तक्ता उघडला आणि तोच परत चिकटवला. पहिला बदल गेला. पहाटे तीनला दोन्ही वाडे घरी झोपलेले, पाळी दुसऱ्याची या समजुतीने. देवळात समईला तेल घालणारे भटजी, पेटीवर मी आणि टाळ धरलेला आठवीतला एक मुलगा. भजन तुटू द्यायचं नसतं, म्हणून साडेपाचपर्यंत आम्ही दोघांनी ओढलं. माझा आवाज पुढे चार दिवस बसला होता.

तक्ता कोणी बदलला हे ग्रुपमध्ये नावानिशी दिसत होतं. पण चूक कोणाची म्हणणार? दोघेही अ‍ॅडमिन, दोघांनाही हक्क, आणि दोघांनीही चांगल्या मनानेच हात घातलेला. तेव्हापासून मी तीनच अ‍ॅडमिन ठेवतो. एक गावात राहणारा, एक कमिटीतला, एक बाहेरगावी असलेला. नवे लोक कोण घेणार, तक्ता कोण बदलणार, हे ग्रुपच्या माहितीत पहिल्याच ओळीत लिहितो. ज्यांचा मान राखायचा, त्यांना घरी जाऊन आमंत्रण द्यावं.

फक्त सूचना टाकायला म्हणून कोणाला अ‍ॅडमिन करू नका. संदेश सगळ्यांनी टाकायचे की फक्त अ‍ॅडमिननी, माहिती कोणी बदलायची, सदस्य कोणी घ्यायचे, याच्या सेटिंग वेगवेगळ्या आहेत. टेलिग्रामवर तर प्रत्येक अ‍ॅडमिनला कोणता अधिकार द्यायचा तेही ठरवता येतं. ही पानं न वाचताच लोक थेट अ‍ॅडमिन करून मोकळे होतात, याचा मला खरंच राग येतो.

दुसरी चूक गोव्यात फार होते, कारण आपली मुलं बोटीवर आणि आखातात जातात. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप उघडणाऱ्याचं अ‍ॅडमिनपद दुसरा कोणी काढू शकत नाही. बाकीचे अ‍ॅडमिन मात्र एकमेकांना काढू शकतात. म्हणजे उघडणारा हा ग्रुपचा शेवटचा आधार. तोच परदेशी जाऊन नवं सिम घेतो, त्यावर नवं खातं उघडतो आणि जुना नंबर तसाच सोडतो. 120 दिवस वापर नसला की ते खातं साधारणपणे बंद होतं. जाण्याआधी खात्याच्या सेटिंगमधून नंबर बदलला, तर ग्रुप आणि अ‍ॅडमिनपद दोन्ही नव्या नंबरवर येतात. एकटा अ‍ॅडमिन असाच बाहेर पडला, तर अ‍ॅप आपणहून कोणातरी सदस्याला अ‍ॅडमिन करतं. तो कोण निघेल, हे आपल्या हातात नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात. ग्रुपची लिंक सप्ताहाच्या पत्रिकेवर छापू नका. छापलीच असेल तर काम झाल्यावर ती बदला आणि अ‍ॅडमिनच्या मंजुरीची सोय चालू ठेवा. आपल्या फोनवर आलेला व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी कोड कोणी कितीही आपुलकीने मागितला तरी देऊ नका, त्याने खातं दुसऱ्याच्या हाती जातं. एका अ‍ॅडमिनचं खातं असं गेलं की सगळा ग्रुप धोक्यात येतो. सदस्याने काही भलतंसलतं टाकलं तर आपल्याला पकडतील, या भीतीने चांगली माणसं अ‍ॅडमिनपद नाकारतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये म्हटलं आहे की सदस्य आणि अ‍ॅडमिन यांचा समान हेतू दिसत नसेल, तर सदस्याच्या मजकुरासाठी अ‍ॅडमिनला जबाबदार धरता येत नाही.

नवा अ‍ॅडमिन पहिल्याच संध्याकाळी ग्रुपचं नाव, फोटो आणि नियम बदलतो, हे मला बघवत नाही. महिनाभर नुसतं वाचा. कोणाला काढायचं असेल तर आधी फोन करा. मी तरी फोन केल्याशिवाय आजवर एकालाही काढलेलं नाही.

आणि देवस्थानची कमिटी बदलली की चाव्या, वह्या, पावतीपुस्तकं नव्या कमिटीकडे जातात, ग्रुप मात्र जुन्या सचिवाच्या फोनमध्येच राहतो. चाव्या देतानाच, त्याच बाकावर बसून फोन उघडा. आधी नव्या सचिवाला अ‍ॅडमिन करा, त्याच्या फोनवर तसं दिसलं की मगच जुन्याचं पद काढा. ग्रुप जुन्यानेच उघडला असेल तर पद काढता येत नाही, त्यालाच ग्रुपमधून बाहेर पडायला सांगा. दोन मिनिटं लागतात.