प्राध्यापकावर विकिपीडिया लेख टिकेल का?

इंग्रजी विकिपीडियावर प्राध्यापकांसाठी वेगळे निकष आहेत. त्यांतला एक जरी पुराव्यानिशी पूर्ण झाला तरी पुरतो. आधी सोपे तपासा: भटनागर पुरस्कार, रॉयल सोसायटी किंवा भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीची फेलोशिप, मोठ्या विद्यापीठाचे कुलगुरुपद. वर्गणी भरून मिळणारे सदस्यत्व आणि विभागप्रमुखपद धरू नका.

यातले काहीच नसेल तर गूगल स्कॉलर या शोधनिबंधांच्या शोधसेवेवर त्यांच्या शोधनिबंधांचा इतर संशोधकांनी किती वेळा संदर्भ दिलाय ते पाहा, पण त्याच विषयातल्या इतरांशी ताडून. जैववैद्यकात किरकोळ वाटणारा आकडा शुद्ध गणितात भारी असतो. नामसाधर्म्यामुळे दुसऱ्याचेच निबंध मोजले जातात, ते वगळा. मराठीतून लिहिणाऱ्या इतिहास-साहित्याच्या अभ्यासकांवर मात्र हा आकडा सरळ अन्याय करतो. त्यांच्या दोन-तीन ग्रंथांची स्वतंत्र परीक्षणे शोधा. विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून पद सिद्ध होते, प्रभाव नव्हे.